लुदविना टीचरांची दोरी

लुदविना टीचरांचा दहावीचा वर्ग माझ्यामुळे गेला. धड माहिती नसताना मी तालुक्याहून आलेल्या साहेबांना चहा पिता पिता चार वाक्यं ऐकवली आणि ज्या बाईंनी उभी नोकरी आधी मॅट्रिकला आणि मग दहावीला इंग्रजी शिकवण्यात घालवली होती, त्यांच्या हातून तो वर्ग काढून माझ्या हातात दिला गेला. त्या वेळी त्यांच्या निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते. चूक तेवढीच असती तर तरुणपणाची घाई म्हणून मी ती कधीतरी विसरलोही असतो. पण त्यानंतर मी गप्प बसलो, आणि माझ्या गप्प बसण्याची झळ एका तिसऱ्याच माणसाला लागली. ते सगळं पुढे येईल. आधी टीचरांबद्दल लिहितो, कारण त्यांच्याबद्दल लिहिताना आजही माझा ऊर भरून येतो. त्यांच्या हाताखाली मी काही काळ होतो हे मी ओळखपाळख नसलेल्यांनाही सांगत असतो.

मालवणच्या उत्तरेला समुद्राकाठी एक गाव आहे. तिथल्या हायस्कूलमध्ये मी बी. एड. होऊन लागलो तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. मी मूळचा वैभववाडीकडचा. आमच्याकडे घाटाचे डोंगर अंगावर येतात. समुद्र मी त्याआधी दोन-तीनदाच पाहिलेला. पहिल्या दिवशी एसटीतून उतरून शाळेच्या फाटकात शिरलो तर मागच्या वाळूवरून ओरडा ऐकू आला. पाच मुलं एक जाड दोरी धरून उभी होती. दोरीचं दुसरं टोक एका ओंडक्याला बांधलेलं होतं. बाजूला पांढऱ्या सुती साडीतल्या, पायात कॅनव्हासचे बूट घातलेल्या एक ठेंगण्या बाई मिटलेली छत्री उगारून उभ्या होत्या.

"गो शेवंती, तू खंय चाललंस?" त्या ओरडल्या. "तुझी गाठ दुसरी! शेवटाक जावन काय करतलंस?"

एक काळीसावळी मुलगी दोरीच्या टोकाकडून धावत परत दुसऱ्या गाठीवर आली. मग एकेक मूल आपापला शब्द ओरडू लागलं. "माय अंकल!" "कॉट!" "अ बिग सुरमई!" "निअर द फोर्ट!" "यस्टरडे!" आणि शेवटच्या शब्दाला पाचही जणांनी एकदम हिसका दिला. ओंडका वाळूवरून सरकला. बाईंनी छत्रीने वाळूत एक रेघ मारली आणि म्हणाल्या, "गाठ बदला."

हा इंग्रजीचा तास होता.

ती दोरी रापणीची होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडतात आणि मग दोन्ही टोकांच्या दोऱ्या धरून सगळा गाव वाळूवरून ओढत बसतो. जुनी झालेली एक दोरी टीचरांनी मागून आणली होती आणि तिला पाच गाठी मारल्या होत्या. पहिल्या गाठीवर 'कोण', दुसऱ्यावर 'काय केल्यान', तिसऱ्यावर 'काय' किंवा 'कोणाक', चौथ्यावर 'खंय' आणि पाचव्यावर 'कधी'. मुलांची सवय मराठीची. क्रियापद हाती लागलेलं मूल पाय आपोआप वळल्यासारखं शेवटाला पळायचं, मग मधे दोरी ढिली पडायची आणि ओंडका जागचा हलायचा नाही.

"आपल्या बोलण्यात काम शेवटी येता," त्या मुलांना सांगायच्या. "'मी काल बाजारातून बांगडे' इतक्या आयकान माणूस थांबता. हाडलंस, खाल्लंस, काय पाडून इलंस? शेवटाक कळता. आपल्याक धीर आसा. इंग्रजाक नाय. तेका आधी सांगूक व्हया, कोणी काय केल्यान. मगे बाकीचा निवांत."

इंग्रजी शिकवताना त्या मालवणीत बोलायच्या हे मला पहिल्यांदा फार खटकलं. स्टाफरूममध्ये आम्ही सगळे शुद्ध बोलायचो. मीही घरी बोलतो ती भाषा शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून यायचो. टीचर मात्र चर्चमध्ये, बाजारात आणि वर्गात एकसारख्याच होत्या. त्यांचे वडील गोव्यातल्या एका शाळेत शिपाई होते. त्या लग्न न करता इथे धाकट्या भावाच्या घरी राहायच्या. सकाळी शाळेत येताना वाटेत मासळी घ्यायच्या आणि ती पिशवी शिपायाच्या खोलीत खिडकीला लटकवून वर्गावर जायच्या. त्या खिडकीखाली मांजर बसलेलं दिसलं की टीचर आल्या आहेत हे कळायचं.

'गुड मॉर्निंग' त्या कुणाला म्हणत नसत. समोर येईल त्याला विचारायच्या, "काल काय झाला?" मुलांनी त्याचं उत्तर इंग्रजीत द्यायचं, आणि ते खरं असलं पाहिजे. एवढा एकच नियम. मी पहिल्या आठवड्यात पुस्तकातल्यासारखं एक वाक्य त्यांच्या मुलांना दिलं होतं, 'काल मी मुंबईला गेलो.' टीचरांनी दुसऱ्या दिवशी मला व्हरांड्यात गाठलं.

"सावंत, ह्या पोरांतलो कोण मुंबैक गेललो काल?"

"कुणी नाही टीचर. उदाहरण म्हणून दिलं."

"मगे पोराक वाटता इंग्रजीत खोटा सांगूचा आसता. घरात काल कायतरी झाला असतला ना? ता सांगूदेत."

त्यामुळे सगळ्या गावाचा कालचा दिवस इंग्रजीतून वाळूवर यायचा. कुणाची म्हैस सुटली, कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाला आईने मारलं आणि का. आंगणेवाडीच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग "आय वेंट टू द फेअर, आय एट खाजा" म्हणू लागला, तेव्हा त्यांनी छत्री वाळूत रोवली. "खाजा मी पण खाल्लंय. दुसरा सांगा. माका दिसूक नाय ता." मग एका मुलाने हळूच सांगितलं की तो रांगेत झोपला आणि लोकांनी त्याला उचलून पुढे पुढे सरकवला. ते वाक्य इंग्रजीत बसवायला अख्खा तास गेला. टीचर हसून हसून ओंडक्यावर बसल्या.

शेवंतीचे वडील रापणीचे तांडेल, म्हणजे ओढणाऱ्यांचे म्होरके. सगळे त्यांना आबा म्हणायचे. शेवंती बोलताना अडखळायची. पहिला शब्द तिच्या ओठांशी येऊन थांबायचा आणि ती मान खाली घालायची. एका सोमवारी तिने खूप वेळ घेऊन एक वाक्य पूर्ण केलं, "माय फादर फेल इन द वेल ऑन संडे." ओंडका सरकला, वर्ग हसला, आणि दुपारच्या सुट्टीत आबा शाळेच्या पायरीवर हजर.

"टीचर, माझ्या घरची भानगड शाळेत कित्याक?"

"आबा, तू पडलंस काय नाय?"

"पडलंय."

"मगे चेडवान खोटा सांगूक नाय."

"खोटा नाय सांगूक. पण आता पोरा माका बघून इंग्रजी बोलतत! मी काय साहेब?"

"तुका कोणी काढल्यान बायर?"

"शेजाऱ्यान. दोर सोडल्यान."

"बघ, ता सांगूचा रवला." टीचर उठल्या. "ये हयसर. दोरीक हात लाव."

आणि खरोखरच आबा तांडेलांना त्यांनी तिसऱ्या गाठीवर उभं केलं, शेवंतीला दुसऱ्या. शेजाऱ्याने माझ्या वडिलांना विहिरीतून बाहेर ओढलं, असं वाक्य झालं. आबांचा शब्द 'माय फादर' होता. तो त्यांनी इतक्या जोरात म्हटला की चर्चपर्यंत गेला असेल. ओढायची वेळ आली तेव्हा त्यांनी एका हिसक्यात ओंडका रेघेच्या पार केला आणि चारही मुलं वाळूत पडली. "आता बरोबर झाला," म्हणत ते कपडे झटकत निघून गेले. त्या दिवसानंतर शेवंतीच्या अडखळण्याला वर्गात कुणी हसलं नाही. तिला हसायचं तर आधी तिच्या बापाबरोबर दोरी ओढावी लागेल, असं पोरं म्हणायची.

एकदा मात्र ओंडका कुणी ओढलाच नाही. आठवीतला एक मुलगा चार दिवसांनी शाळेत आला. "काल काय झाला?" असं टीचरांनी विचारलं नाही, पण तो आपणहून पहिल्या गाठीशी गेला आणि म्हणाला, "माय ग्रँडमदर डाइड ऑन फ्रायडे." दोरी धरलेली बाकीची मुलं तशीच उभी राहिली. टीचरांनी छत्री खाली ठेवली, स्वतः दुसऱ्या गाठीवर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्या मुलाच्या मागे ते वाक्य एकदा सावकाश म्हणाल्या. "बरोबर आसा बाबू," म्हणाल्या. "सगळे शब्द जागेर." मग सगळ्यांना घेऊन समुद्राच्या कडेने चालत गेल्या. मी हे स्टाफरूमच्या खिडकीतून पाहिलं. मला ते सुंदर वाटलं, आणि तरीही हा काही इंग्रजीचा तास नव्हे असंही वाटलं. माझ्या मनाची तेव्हाची तऱ्हा अशी होती.

आता माझी गोष्ट.

तोंडी परीक्षेचे गुण टीचर दोरीवरच द्यायच्या. पाच मुलं एका दोरीला लागायची आणि ओंडका रेघेपलीकडे गेला की पाचही जणांना सारखे गुण. मी माझ्या वर्गातून हे पाहिलं होतं. शेवंतीसारखी अडखळणारी मुलगी आणि वर्गातला पहिला मुलगा, दोघांना एकच गुण. मी एकदा त्यांना विचारलंही. त्या घाईत होत्या. मासळीची पिशवी काढता काढता म्हणाल्या, "दोरीक हात लागलो तेका वाटो. रापणीचो नेम आसा तो."

मी डोंगरातला माणूस. मला वाटलं, हात लावला की फुकटचा वाटा. रापण ओढताना मी कधी पाहिलीच नव्हती. मी तेवढं वाक्य लक्षात ठेवलं.

त्या वर्षी साहेब शाळा तपासायला आले. हेडसर कागदपत्रं दाखवायला आत गेले होते. चहा घेऊन मी एकटाच साहेबांजवळ होतो. "इंग्रजीचं कसं काय?" त्यांनी सहज विचारलं. मी म्हणालो, टीचर फार कष्टाळू आहेत, पण शिकवणं मालवणीतून चालतं. आणि तोंडी परीक्षेत सगळ्यांना सरसकट गुण देतात, दोरीला हात लावला की वाटा, असं त्या स्वतःच म्हणतात. साहेब हसले. मीही हसलो. आणि हेही लिहायला हवं की हसताना माझ्या मनात दहावीचा वर्ग होता. शाळेत दहावीला शिकवणारा तो खरा मास्तर, अशी त्या गावची समजूत होती आणि मला तो मान हवा होता.

साहेबांचा शेरा आला. दहावीचं इंग्रजी नव्या प्रशिक्षित शिक्षकाकडे द्यावं. हेडसरांनी मला बोलावून विचारलं, "सावंत, तुम्ही काही बोलला होतात?" मी हो म्हणालो. त्यांनी हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "ठीक आहे. टीचरांना मी सांगतो, निर्णय माझा आहे म्हणून. तुम्हाला अजून त्यांच्याबरोबर काम करायचं आहे."

हेडसर आणि टीचर एकाच वर्षी त्या शाळेत लागले होते. नाताळात टीचरांच्या घरून दोदोल, म्हणजे गूळ-नारळाचा गोड पदार्थ, पहिल्यांदा हेडसरांकडे जायचा आणि चतुर्थीला टीचर हेडसरांच्या घरी गणपतीसमोर बसून वहिनींबरोबर आरती म्हणायच्या, सगळ्या कडव्यांसकट. त्या नाताळात दोदोल गेला नाही. शाळेत कामापुरतं 'सर' म्हणायच्या, त्यापलीकडे एक शब्द नाही. बावीस-तेवीस वर्षांची मैत्री त्यांनी एका दिवसात मिटवली, कारण त्यांना वाटलं की निकालाच्या मोठेपणासाठी हेडसरांनी त्यांना बाजूला केलं.

आणि मला? मला त्यांनी वर्गाच्या दारात खडू दिला. "पोरा हुशार आसत रे. फक्त बोलूक लाजतत. तेंका ओरडा नको." मी खडू घेतला.

दहावीच्या वर्गात मी फळ्यावर नियम लिहिले. मुलांनी उतरवून घेतले आणि गप्प बसली. मी विचारायचो, ती मान खाली घालायची. शेवटी मला राग आला आणि मी ठरवलं, टीचरांचे फुकटचे गुण उघडे पाडायचे. शनिवारी सकाळी मी दोरी मागवली. एकेका मुलाला पाचही गाठींवर उभं करून, एकट्याने वाक्य म्हणायला लावलं. दुसऱ्यांच्या जोरावर तरून गेलेलं एक तरी मूल मला हवं होतं.

सापडलं नाही. ज्याला मी ढ समजत होतो तो मुलगासुद्धा कुठल्याही गाठीवरून पूर्ण वाक्य म्हणू शकत होता. मग मी शेवंतीला उभं केलं. ती अडखळली. मी थांबलो. तिने मूठ आवळली, पुन्हा सुरुवात केली आणि म्हणाली, "आवर टीचर वेंट अवे... फ्रॉम आवर क्लास... लास्ट मंथ." एकही शब्द जागा सोडून गेला नव्हता. वर्ग माझ्याकडे बघत होता.

"तुम्ही हे कधी शिकलात?" मी विचारलं.

"सर, तोंडी परीक्षेत टीचर आधी एकेकाक पाचय गाठींर उभा करतत," पहिल्या बाकावरचा मुलगा म्हणाला. "सगळ्यांचा सगळीकडे जमला तरच शेवटाक ओंडको ओढूक देतत. एकाचा चुकला तर पाचय जणांचा पयल्यापासून."

मी फक्त शेवटचं ओढणं पाहिलं होतं.

त्याच महिन्यात एका सकाळी आबा तांडेलांनी मला किनाऱ्यावरून हाक मारली. मी रापणीच्या दोरीला हात लावला. थोड्याच वेळात तळवे सोलले आणि मी दोरी सोडून बाजूला उभा राहिलो. जाळं वर आलं तेव्हा वाटे घातले गेले, माझ्यापुढे काही नाही. एक म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, "मास्तर, जाळा वाळूर येईसर दोरी धरूची आसता. तुमी आधीच सोडलास." सगळे हसले. मीही हसलो आणि तसाच शाळेत गेलो.

मी हेडसरांकडे गेलो. सगळं सांगितलं आणि म्हणालो, वर्ग टीचरांना परत द्या. "शेरा लेखी आहे, या वर्षी बदलायचा नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही टीचरांना सांगा, साहेबांशी कोण बोललं ते."

"सर, तुम्हीच सांगा ना."

"माझं काम नाही ते. तुमचं नाव माझ्या तोंडून जाणार नाही. तुमच्या तोंडून गेलं तर मला बरं वाटेल."

मी टीचरांकडे गेलो, आणि अर्धंच बोललो. म्हणालो, "टीचर, मला दहावी जमत नाही. मदत करा."  त्या भावाच्या अंगणात दाणे निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"वर्ग तुझो. मी वर्गात येवचंय नाय. पण वाळू काय शाळेची नाय. सांजेक पोरांका घेवन ये."

ते वर्ष माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं वर्ष. रोज शाळा सुटली की दहावीची मुलं, मी आणि टीचर वाळूवर. मला त्यांनी मास्तर म्हणून बाजूला उभं केलं नाही, गाठीवर उभं केलं. मी चुकलो की मुलांसारखंच ओरडायच्या. "सावंत, तुझ्या 'खंय'च्या आधी तुझा 'काल' कसा इला रे? घाई झाली तुका!" पोरं खिदळायची. काही आयाबाया डोक्यावर पाट्या घेऊन उभ्या राहून बघायच्या. अंधार पडायच्या आत टीचर दोरी गुंडाळून खांद्यावर टाकायच्या आणि घरी जायच्या. एकदाही त्यांनी मला विचारलं नाही की तुझ्याकडे वर्ग कसा आला.

निकाल लागला त्या दिवशी मुलं माझ्याकडे आली नाहीत. ती थेट टीचरांच्या अंगणात गेली. मी मागून गेलो. शेवंती इंग्रजीत पास झाली होती आणि आबा तांडेल अंगणात उभे राहून सगळ्यांना सांगत होते, "माझ्या चेडवान काय केल्यान बघा!" टीचरांनी शेवंतीला जवळ घेतलं आणि तिच्या कानात काही म्हणाल्या. शेवंती न अडखळता मोठ्याने म्हणाली, "आय पास्ड इन इंग्लिश." मला तेव्हा टीचरांचा जो अभिमान वाटला तो आजतागायत कमी झालेला नाही. पुढे शेवंती शिक्षिका झाली. तिच्याही शाळेच्या मागे वाळू आहे.

टीचर निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात हेडसरांनी भाषण केलं. टीचर समोर बघत बसल्या. हार हेडसरांनी पुढे केला तो त्यांनी घेतला आणि लगेच शेजारच्या खुर्चीवर ठेवला. त्या वेळी उठून बोलायला हवं होतं मी. मी चहाच्या कपांची व्यवस्था बघत होतो. पुढच्या वर्षी हेडसरही निवृत्त झाले. मग वहिनी गेल्या. टीचर अंत्ययात्रेला गेल्या, पण घरात शिरल्या नाहीत. फाटकाशी उभ्या राहून परत आल्या. मी ते पाहिलं आणि तेव्हाही बोललो नाही.

हेडसर मुलाकडे कोल्हापूरला कायमचे निघालेत असं मला एका मे महिन्यात कळलं. उद्या सकाळच्या गाडीने. मी सायकल काढली.

टीचर अंगणात कोकमाच्या साली उन्हात पसरत होत्या. हात लालेलाल.

"काय रे सावंत? इतक्या उन्हात?"

मी उभाच राहिलो. शाळेत बोलायची मराठी मला सापडेना. घरी बोलायचो तसं बोललो. साहेबांना मी काय सांगितलं, कशासाठी सांगितलं, हेडसरांनी दोष स्वतःवर कसा घेतला, सगळं. वर्ग मला हवा होता, हेही. मधे थांबलो नाही. शेवटी म्हणालो, "टीचर, माका माफ करा."

त्या खाली बसल्या. 

"हेडसरांका माहीत होता?"

"होता."

"आणि तेणी माका एका शब्दान सांगूक नाय."

"नाय."

"वहिनी गेल्या तेव्हा मी फाटकार उभी रवलंय." त्यांचा आवाज चढला. "सावंत, तीन वर्षां मी त्या घरात पाय ठेवूक नाय! तुझ्या एका वर्गासाठी? तुका वर्ग व्हयो होतो तर माझ्याकडे मागूचो होतो. दिलो असतंय मी!"

 त्यांनी लाल हात पदराला पुसले. पदर खराब झाला, त्याकडे लक्षही गेलं नाही. मग उठल्या आणि पायांत चपला सरकवल्या.

"माझी माफी मगे बघूया. चल."

"खंय टीचर?"

"जेका आधी मागूची ती तेच्याकडे."

त्या पुढे, मी मागे सायकल ढकलत. भर दुपारी वाटेवर कुणी नव्हतं. एरवी इतक्या सावकाश चालणाऱ्या टीचर त्या दिवशी अशा चालत होत्या की मला गाठता येईना. हेडसरांच्या फाटकाशी त्या क्षणभर थांबल्या. मग फाटक ढकललं आणि सरळ ओसरीवर चढल्या. हेडसर बांधलेल्या ट्रंकेवर बसले होते. त्यांना पाहून ते उठले. टीचरांनी त्यांचा हात धरून त्यांना परत बसवलं आणि स्वतः त्याच ट्रंकेवर, त्यांच्या शेजारी बसल्या. कोकमाचा लाल रंग हेडसरांच्या पांढऱ्या बाहीला लागला.

"सर," टीचर म्हणाल्या, "ह्यो काय सांगता ता आयका."

दोघं माझ्याकडे बघत होती. मी ओसरीखाली, अंगणात उभा होतो.

"सर," मी म्हणालो, "टीचरांचो वर्ग माझ्यामुळा गेलो आणि बोल तुमच्यार इलो. माका ठावक होता तरी मी गप रवलंय. तुमी दोघांनी माका माफ करा."